धुक्याची चारशे पानं

आमच्या तेर गावाहून निघाले त्या सकाळी माझी बॅग आडत्याच्या काट्यावर चढवली होती. विमानात तेवीस किलोच चालतात हे मी घरात शंभर वेळा सांगितलं होतं, तरी काटा सव्वीसवर गेला. धाराशिवची एसटी स्टँडला लागलेली, वडिलांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली, आणि आई न् मी भर रस्त्यात बॅग उघडून बसलेलो. शेंगाची चटणी काढायची की आईनं तळाशी घातलेली चार जाडजूड पुस्तकं, एवढाच सवाल होता. मी पुस्तकं काढली. "तिथं मोबाईलवर सगळं वाचता येतं गं," असंही वर ऐकवलं. आई नुसतं "बरं" म्हणाली आणि एसटी हलेपर्यंत ती पुस्तकं छातीशी धरून उभी राहिली.

चटणी दीड महिना पुरली. मोबाईलवरचं वाचन मात्र काही सुरू झालं नाही.

तुम्ही तेरचे असाल तर आईचं पिको-फॉलचं दुकान तुम्हाला माहीत असणारच. माझ्यासारखे लांब जाऊन पडला असाल, तर सांगते. दुकानात खालच्या फळीवर दोऱ्याची रिळं आणि वरच्या दोन फळ्यांवर पुस्तकं आहेत. आई सातवी शिकलेली, पण वाचनाचं वेड असं की ब्लाउजचं माप घेता घेता गिऱ्हाइकाला विचारणार, "सध्या काय वाचताय?" टेप अंगाभोवती असल्यामुळं बाईला पळून जाता येत नाही. जी बाई पुस्तक सुचवेल, तिच्या ब्लाउजची उरलेली चिंधी आई त्या पुस्तकात खूण म्हणून घालते. जांभळी चिंधी शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या शमीमआपांची, पिवळी अंगणवाडीतून रिटायर झालेल्या सुमनकाकूंची. पुस्तक रटाळ निघालं की "ही चिंधी कुणाची हाय गं?" असा पुकारा होतो आणि त्या बाईला सगळ्यांसमोर जाब द्यावा लागतो. त्यामुळं न वाचता पुस्तक सुचवायची हिंमत त्या दुकानात कुणी करत नाही.

ती मी केली, आणि तीही साडेसहा हजार किलोमीटरवरून.

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका गावात, म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये नर्स आहे. इथं प्रत्येक गोष्टीला टर्मिन लागतो, म्हणजे आधी वेळ ठरवून घ्यायची. केस कापायलाही आणि मैत्रिणीकडं चहाला जायलाही. पहिली दोन वर्षं शिफ्ट, भाषेची परीक्षा आणि पुन्हा शिफ्ट यातच गेली. वाचलं काय, तर औषधांचे तक्ते. रविवारी माझी दुपार असली की तिकडं संध्याकाळ, दुकानात बायका जमलेल्या. आई फोन रिळांना टेकवून ठेवायची आणि मग तो प्रश्न यायचाच: "सध्या काय वाचायलीस?"

काही नाही, असं म्हणायला जीभ वळेना. पोरगी परदेशात गेली, मोठी झाली, असं आई दुकानात सांगत असते. तेव्हा आदल्या दिवशी फोनवर एका मराठी कादंबरीची जाहिरात दिसली होती, तिचंच नाव ठोकून दिलं. समुद्रकाठचं दीपगृह आणि त्याचा एकटा राखणदार, चारशे पानं. "लई भारी आहे," म्हणाले.

आईनं पुस्तक धाराशिवहून मागवलं. माझ्या जुन्या निळ्या ड्रेसची चिंधी कापून त्यात घातली आणि कॅमेऱ्यासमोर धरून मला दाखवली. तिचा चेहरा असा फुलला होता की खरं सांगायचं राहूनच गेलं.

पुढच्या रविवारपासून बातम्या यायला लागल्या. आमच्या बायकांपैकी समुद्र पाहिलेली एकही नाही. शमीमआपा म्हणाल्या, "वैशू, नव्वद पानं झाली, धुकं काय हटंना. दिवा कवा लावायलाय त्यो?"

"थोडं पुढं जा आपा, लावेल," मी छातीठोकपणे सांगितलं.

दोनशे पानांवरही तोच प्रश्न, तेच उत्तर. पुस्तक हातोहात फिरत होतं. कुणी म्हणायचं, भाषा जड हाय पण चांगली असंल. मी विषय बदलायची. मग एका रविवारी सुमनकाकू काळा चष्मा लावून दुकानात बसलेल्या दिसल्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिल्यावर पहिलं पुस्तक त्यांनी माझं घेतलं होतं. "डोळ्यातलं धुकं गेलं म्हणून वाचाय बसले," काकू म्हणाल्या, "तर पुस्तकात बी धुकंच!"

सगळं दुकान हसलं. मला मात्र रडू फुटलं. दोन वर्षांनी स्वच्छ दिसायला लागलेल्या बाईला मी काय वाचायला लावलं होतं! म्हणाले, "काकू, मी ते पुस्तक वाचलेलंच नाही. एक पानसुद्धा नाही."

आईच्या पायाखालची मशीन थांबली. आई उठली, पुस्तक घेतलं, त्यातली निळी चिंधी काढली आणि घडी करून मशीनच्या खणात ठेवली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "दमतीस, वाचणं होत न्हाय, एवढं म्हणली असतीस तरी म्या काय रागावले असते व्हय?" एवढंच बोलली. आता आई मला पुन्हा कधी तो प्रश्न विचारणार नाही, अशी धास्ती मला बसली. तो प्रश्न गेला, तर दुकानातली माझी जागाच जाणार होती.

तेवढ्यात शमीमआपांना हसू आवरेना. तोंडाला ओढणी लावून त्या म्हणाल्या, "म्हंजी आमी नऊ जणी उगाच झिजलो! वैशूची बी सुटका करायची न्हाय. पाठवा पुस्तक तिकडं. शेवटचं पान येईस्तोवर वाचू दे तिला." शिक्षा एकमतानं मंजूर झाली.

पुस्तक पाच आठवड्यांनी पोचलं. मी ते ट्रामच्या थांब्यावर वाचलं, ब्रेकमध्ये वाचलं. खरंच रटाळ होतं, पण तीन दिवसांत सवय परत आली. मराठी अक्षरं इतक्या दिवसांनी सलग बघून मला जेवल्यासारखं वाटायला लागलं. आमच्या केअर होममधल्या एक्याण्णव वर्षांच्या एक आजी रोज मला वाचताना बघायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "चांगलं आहे का?"

"नाही. फार कंटाळवाणं आहे."

"मग वाचतेस कशाला?"

"माझ्या गावातल्या नऊ बायकांनी वाचलंय. आणि ते मी न वाचताच सुचवलं होतं."

आजी खोकला येईपर्यंत हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या कपाटातलं एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि बजावलं, "हे मात्र मी वाचलेलं आहे." जर्मनीत टर्मिन न घेता मला मिळालेली ही पहिली मैत्रीण.

आणि आईनं पाठवलेल्या पुस्तकात पानापानावर समासात पेन्सिलीनं आमच्या बायका बोलत होत्या. 'ह्याला बायको का न्हाय?' 'इथं झोप लागली.' 'मासे कसे भाजतात ते नीट लिहायला पायजे होतं.' मी एकटीच खोलीत मोठ्यानं हसत होते. तीनशे अकराव्या पानावर शमीमआपांचं वळणदार अक्षर आलं: 'अजून दिवा लावला न्हाय. पण पोरीनं सांगितलंय, लावंल.'

त्या ओळीवर मी बराच वेळ बोट ठेवून बसले. मी सहज मारलेल्या थापेवर भरवसा ठेवून ही माणसं तीनशे पानं चालत आली होती, आणि अजून पुढं जाणार होती. मला वाटायचं, घर म्हणजे तेर, नदी, दुकान, आपली भाषा. ते आहेच. पण आता घर म्हटलं की मला ते पान आठवतं.

दिवा शेवटच्या पानापर्यंत लागत नाही. रविवारी फोन केला आणि शमीमआपांना सगळ्यात आधी तेच कबूल केलं. "दिवा लागतच नाही, पुस्तक वाईट आहे आपा. कुणाला सुचवू नका. मला माफ करा."

"ते जाऊ दे," आपा म्हणाल्या. पलीकडं आईनंही ऐकायला मशीन थांबवल्याचं मला कळलं, आणि आपांनीच पुढं विचारलं, "आता म्होरलं कुठलं वाचू, ते सांग."