थोरलीची उसवण

त्या शिवणकारखान्यात नव्या माणसाला आल्या आल्या मशीनवर बसवत नसत. त्याच्यापुढे बाद झालेल्या शर्टांचा ढीग टाकत आणि म्हणत, उसव. शिवायला कधी मिळणार असं त्यानं विचारलं, तर जुन्या बायका एकमेकींकडे बघून हसत. "आधी थोरलीच्या डोळ्यांखालून जा, मग बघू."

थोरली म्हणजे तिथली सुपरवायझर. तिची धाकटी जाऊही तिथंच कामाला होती, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी दोघींची नावं थोरली आणि धाकटी अशीच बसली होती. नवं माणूस उसवायला बसलं की थोरली जवळच स्टूल ओढून भलतंच काहीतरी करत बसायची, आणि बघायची. शिवताना माणूस सोंग घेतो, ती म्हणे. चांगलं दिसायचं असतं त्याला. उसवण्यात कुणाला काय दाखवायचंय? तिथं तो जसा आहे तसा सापडतो.

एकीनं बोलता बोलता अख्खा शर्ट उसवला. तोंड थांबलं की तिचा हातही थांबे. थोरलीनं तिला बटणांवर बसवलं, दोन्ही बाजूंना ऐकणारे कान मिळतील अशा जागी. एक दांडगा गडी दोरा ओढण्याआधी कापडावरून पालथा हात फिरवी. त्याला इस्त्री दिली, आणि कारखान्यात शर्ट करपायचे थांबले. एकजण टाके मोजत मोजत उसवत होता, एखादा चुकला तर मागे येऊन पुन्हा मोजत होता. त्याला काजं करायला दिली. तो काजवाला झाला, आणि पुढे त्याची बायकोही त्याला त्याच नावानं हाक मारायला लागली.

थोरलीला माणसं कळतात, असं लोक म्हणत. थोरलीलाही ते पटलं होतं. तिची स्वतःची शाळा अर्ध्यावर सुटली होती, आणि त्या अर्ध्या शाळेत तिला काय येतं हे कुणी विचारलं नव्हतं. काय येत नाही ते मात्र सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे दुसऱ्याला काय येतं हे हुडकून काढायची तिला एक भूकच लागली होती. चांगली भूक. पण भुकेलं माणूस फार वेळ चव घेत बसत नाही.

धाकटी आली ती तिची मुलगी शाळेत जायला लागल्यावर. घरची म्हणून थोरलीनं सूट दिली नाही. तिच्यापुढेही ढीग पडला. धाकटीनं सावकाश उसवलं. मग सुटे झालेले तुकडे टेबलावर पुन्हा शर्टासारखे मांडले, पाठीला पाठ, बाहीशी बाही, आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काय गं, मेलेल्याची ओळख पटवतेस का?" थोरली म्हणाली.

"हा मेला कशानं ते बघतेय," धाकटी म्हणाली.

बायका खो खो हसल्या. थोरलीही हसली आणि तिनं ते तुकडे गोळा करून बाजूला टाकले. तिच्या नजरेत भरलं होतं ते वेगळंच. कापडाला कुठंही इजा नव्हती. टाके गेले होते आणि कापडाला पत्ता नव्हता. इतका हलका हात तिनं आजवर पाहिला नव्हता. धाकटीला कॉलर मिळाली.

शर्टात कॉलर सगळ्यांत अवघड. घेणारा माणूस आरशात स्वतःचं तोंड बघतो आणि तोंडाखाली कॉलर बघतो. बाकी शर्ट त्याच्या लेखी नसतोच. धाकटीच्या हातची कॉलर छातीवर अशी टेकायची, जसं काही ती तिथंच वाढली आहे. व्यापारी ती बोटानं उचलून बघत, सोडून देत, आणि ती आपल्या जागी परत जाई. वर्षं गेली. पाहुणे आले की थोरली त्यांना धाकटीच्या मशीनपाशी नेई आणि म्हणे, "ही माझी निवड." धाकटी मान वर करत नसे. थोरलीला तो विनय वाटे.

मग कटिंगमास्तरांची नजर अधू झाली. कापडाचे थर एकावर एक रचून, वर पुठ्ठ्याचा पॅटर्न ठेवून, खडूनं रेघ मारून ते कापत आले होते. आता त्यांना खडूची रेघ दोन ठिकाणी दिसायला लागली होती. ते थोरलीला म्हणाले, "मी आहे तोवर कुणाला तरी हाताशी धरून शिकवतो. तू माणूस दे. तुझी उसवण चुकत नाही."

ही गोष्ट घरी पोचायला वेळ लागला नाही. दोघी जावांचं स्वयंपाकघर एकच होतं. भाजी निवडता निवडता धाकटी म्हणाली, "जाऊबाई, मास्तरांना माझं नाव सांगा."

"कशासाठी?"

"त्यांच्याशी लग्न लावायला. कटिंगसाठी, आणखी कशासाठी?"

थोरलीनं सुरी खाली ठेवली. "तुझ्या हाताला कॉलर आहे."

"हाताला आहे. मला नाही."

"असं बोलू नये. देवानं एकेकाला एकेक गोष्ट दिलेली असते..."

"देवानं कुठं? तुम्ही दिलीत. देवानं दिली असती तर त्याच्याकडे गाऱ्हाणं तरी घातलं असतं."

बाहेरच्या खोलीतून थोरलीचा नवरा म्हणाला, "आज जेवायला मिळणार आहे का नुसतं ऐकायलाच?"

"तुम्ही गप्प बसा," दोघी एकदम म्हणाल्या.

"तू उठलीस तर कॉलरला कोण बसेल?" थोरली हळू आवाजात म्हणाली. "सगळा कारखाना तुझ्या कॉलरवर उभा आहे."

"म्हणजे चांगलं केलं म्हणून अडकले. वाईट केलं असतं तर सुटले असते."

"करून बघ वाईट. गाठ माझ्याशी आहे."

"तेच तर जमत नाही ना," धाकटी म्हणाली, आणि निवडलेली भाजी घेऊन उठली.

थोरलीनं मास्तरांना काजवाल्याचं नाव दिलं. टाके मोजणारा माणूस. रेघ सोडणार नाही. मनाशी ताडून बघितलं तेव्हा तिला ते बरोबरच वाटलं. चांगल्या कारणांचं हेच वाईट असतं, की ती अगदी वेळेवर हजर होतात.

पुढच्याच आठवड्यात धाकटीची आई पाय घसरून पडली आणि ती माहेरी गेली. इतक्या वर्षांत तिची ही पहिली रजा. कॉलरला दोघीजणी बसल्या. धाकटीनंच शिकवलेल्या, हाताला चांगल्या.

आणि कॉलरचं उजवं टोक वर बघायला लागलं.

एका शर्टाचं नाही, बहुतेक सगळ्यांचं. थोडंसंच, कुणी भुवई उडवावी तेवढं. उसवलं, पुन्हा शिवलं, पुन्हा तेच. कॉलर ताठ ठेवणारं आतलं बकरम बदललं. इस्त्रीवाल्यानं वाफ देऊन दाबलं; गरम होतं तोवर टोक गुमान पडून राहिलं आणि गार झाल्याबरोबर वर आलं. "सासूवर गेलंय," तो म्हणाला. एरवी हसणाऱ्या बायका हसल्या नाहीत. दोघीजणी रडकुंडीला आल्या होत्या, आणि माल द्यायचा दिवस तोंडावर होता.

शेवटी थोरली स्वतः बसली. ही मशीनांची लाइन सुरू झाली तेव्हा पहिली कॉलर तिनंच शिवली होती. तिनं मन लावून एक कॉलर शिवली, उलटवली, टोकं काढली, गळ्याला लावली. सगळे भोवती उभे. उजवं टोक वर आलं.

तेव्हा तिनं तयार मालातला धाकटीच्या हातचा एक शर्ट मागवला आणि तो उसवायला घेतला. थोरलीला उसवताना तिथल्या कुणी पाहिलं नव्हतं. ती बघणारी होती. दोरा निघाला, कॉलरचे दोन पदर वेगळे झाले, आणि तिनं ते मास्तरांकडून आलेल्या कोऱ्या तुकड्यांवर ठेवले. जुळले नाहीत. धाकटीच्या तुकड्याचं उजवं टोक केसभर आत होतं, कात्रीनं घेतलेलं. आतला पदर बाहेरच्यापेक्षा जरासा आखूड केलेला. तिनं दुसरा शर्ट उसवला. तिथं वेगळंच घेतलं होतं, कमी, आणि थोडं तिरकं. कारण कापताना थरांमध्ये खालचं कापड वरच्यापेक्षा जास्त सरकतं. तिसऱ्यात आणखी वेगळं. प्रत्येक कॉलरची चूक निराळी आणि प्रत्येकीवर निराळा इलाज.

थोरली मास्तरांच्या टेबलाशी गेली. खिळ्यावरचा कॉलरचा पुठ्ठा काढून तिनं त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. उजव्या कोपऱ्याशी अंगठा किंचित घसरला. वर्षानुवर्षं खडू घासून कड झिजली होती आणि मास्तर झिजलेल्या कडेवरून इमानानं रेघा मारत आले होते. त्यांनीही बोट फिरवलं. "अरे देवा," ते म्हणाले, आणि खाली बसले.

थोरली उभीच राहिली. हलका हात, हलका हात म्हणून तिनं जगाला सांगितलं होतं. हात कुठला? तो डोळा होता. कापलेल्या तुकड्यात न कापलेला शर्ट बघणारा डोळा, आणि तो तिनं मशीनच्या सुईपुढे मान खाली घालायला बसवला होता. स्वयंपाकाचं सगळं कौतुक ती पातेल्याला देत आली होती.

धाकटी परतली त्या दिवशी मशीनं सुरू होण्याआधी थोरलीनं तिला कापडाच्या गठ्ठ्यांच्या खोलीत गाठलं.

"पॅटर्न झिजलाय हे तुला कधीपासून ठाऊक होतं?"

धाकटीनं पिशवी खाली ठेवली. "कॉलरला बसले तेव्हापासून. तेव्हा थोडा होता. मग वाढत गेला."

"आणि तू बोलली नाहीस? इतकी वर्षं?"

"बोलले असते तर तुम्ही नवा केला असता."

"मग? करायलाच हवा होता!"

"मग मी दिवसभर काय केलं असतं, जाऊबाई? नुसतं शिवलं असतं?" धाकटीचा आवाज चढला. "कॉलर हातात आली की ती कुठं चुकलीय ते हुडकायचं. बाकी सगळा दिवस तुमचा. तेवढं माझं होतं."

थोरलीचा पारा चढला. कारखाना काय तुझ्या करमणुकीला काढलाय, उद्या माल परत आला असता तर कुणाच्या पोटावर पाय आला असता, असं ती बरंच बोलली. धाकटीनं ते ऐकून घेतलं. त्यातलं काही खोटं नव्हतं.

"आणि ही रजा? मुद्दाम घेतलीस?"

"आई खरंच पडली. पण निघताना मनात आलं होतं, बघू देत आता यांना. खोटं कशाला बोलू?"

एक गुणी बाई आपला गुण जिवंत ठेवायला एक चूक पाळत होती. रोज तिला थोडं थोडं खायला घालत होती, कुणाला कळू न देता. आणि तिला कोंडणाऱ्या दाराला कडी बाहेरून लावलेली होती. कडी कुणी लावली हे विचारायची गरज नव्हती.

थोरली तशीच बाहेर आली आणि तोवर सुरू झालेल्या मशीनांच्या मधोमध उभी राहून मास्तरांना म्हणाली, "मी माणूस चुकीचं दिलं. धाकटीला घ्या." मशीनं एकेक करून थांबली. थोरलीच्या तोंडून असं वाक्य पहिल्यांदाच बाहेर पडत होतं आणि ते ऐकायला सगळ्यांना शांतता हवी होती.

मग ती काजवाल्याकडे वळली. त्याची समजूत कशी काढायची याची जुळवाजुळव तिनं केली होती. पण त्याचा चेहराच उजळला.

"सुटलो," तो म्हणाला. "अहो, कापडाला कात्री लावायची म्हटलं की मी पुन्हा पुन्हा मोजतच बसतो. काज चुकलं तर एक शर्ट जातो. तिथं अख्खा थर जातो की!"

"मग हो कशाला म्हणालास?"

"तुम्हाला नाही म्हणता येतं हे कुठं ठाऊक होतं?"

तो गमतीनं म्हणाला होता. बायका हसल्यासुद्धा. पण ते वाक्य थोरलीच्या अंगात कुसळासारखं शिरलं. दिसत नव्हतं, हललं की टोचत होतं.

धाकटी मास्तरांच्या टेबलाशी उभी राहिली. तिनं नवा पुठ्ठा घेऊन कॉलरचा नवा पॅटर्न काढला. मास्तर शेजारी स्टुलावर बसून तोंडानं शिकवत होते आणि ती त्यांचं निम्मं ऐकत होती, निम्म्यावर वाद घालत होती. कॉलरच्या दोघीजणी अजून धास्तावलेल्या होत्या, म्हणून धाकटीनं कापलेला पहिला गठ्ठा शिवायला थोरलीच बसली.

तिनं एक कॉलर शिवली. उजवं टोक निवांत टेकलं. डावं किंचित वर आलं.

तिनं दुसरी शिवली. तेच.

थोरलीनं टेबलाकडे पाहिलं. धाकटी वाकून पुढचा थर रचत होती, केस कपाळावर आलेले, ओठात खडू. कामावर असताना तिचं असं तोंड थोरलीनं कधी पाहिलं नव्हतं. इकडे कात्री हाताशीच होती. डाव्या टोकाला जरासं घेतलं की झालं. कुणाला कळणार नव्हतं. कुठं घ्यायचं ते आता थोरलीलाही दिसत होतं. आणि पहिल्याच गठ्ठ्यात धाकटीचा पाणउतारा कशाला? तिनं कात्री उचलली. दोन बोटांत कापड धरलं.

मग कात्री ठेवून ती उठली आणि कॉलरी घेऊन सगळ्या लाइनीसमोरून टेबलापर्यंत चालत गेली.

"डावं टोक वर येतंय," ती म्हणाली. मुद्दाम हळू नाही.

धाकटीचा चेहरा लाल झाला. बटणांवरच्या बोलक्या बाईचं तोंडसुद्धा थांबलं. "द्या इकडे," धाकटी म्हणाली. तिनं शिवण उघडली, दोऱ्याचे तुकडे फुंकून उडवले, तुकडा नव्या पॅटर्नवर धरला. "उजवं सांभाळायच्या नादात सगळी रेघच तिकडे ओढलीय मी. सवय."

"वाटलंच."

"तिथल्या तिथं कापून टाकायचंत ना. लग्नाला निघाल्यासारखी वरात काढायची काय गरज होती?"

"कापलं असतं," थोरली म्हणाली, "तर तुला कळलं कसं असतं?"

धाकटी काहीतरी फटकन बोलणार होती. पण तिची नजर पॅटर्नच्या डाव्या कोपऱ्यावर गेली होती आणि तिथून ती काही केल्या निघेना. राग कुठं गेला ते तिलाही कळलं नसावं. तिनं पेन्सिल घेतली, पुठ्ठ्यावर अगदी पुसट रेघ मारली, खोडली, पुन्हा मारली.

"किती घ्यायचं?" मास्तरांनी विचारलं.

"थांबा जरा," मान वर न करता धाकटी म्हणाली.

मास्तर थांबले. मागे मशीनं थांबली होती. मोकळे हात कुठं ठेवावेत हे न कळून थोरली त्या टेबलाशी उभी होती, आणि तीही थांबली.