पिवळा बिल्ला

माझी आत्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत सव्वीस वर्षं कामाला आहे. तळघरात. वरच्या वॉर्डांतून मळक्या चादरींची गाठोडी खाली येतात, ती सोडायची, कपडे वेगळे करायचे, मशीनमध्ये टाकायचे, वाळले की घड्या घालायच्या. घड्या तिच्या हातात इतक्या भिनल्यात की आमच्याकडे बोलत बसली तरी टॉवेल, वर्तमानपत्र, माझ्या मुलीच्या दप्तरातलं वेळापत्रक, दिसेल त्याची घडी घालते. घरात तिला सगळे घडीआत्याच म्हणतात.

पाच वर्षांपूर्वी एका गाठोड्यात वापरलेली सुई राहिली होती. ती तिच्या तळहातात घुसली. पुढचे तीन महिने रक्ताच्या तपासण्या चालल्या, आणि शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत तिने नातीला एकदाही मांडीवर घेतलं नाही. रिपोर्ट चांगला आला तेव्हा आम्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या साहेबाने मात्र एवढंच विचारलं होतं, "नीट बघून उचलता येत नाही का?" गाठोडं कुठल्या वॉर्डातून आलं ते कुणालाच सांगता येईना, त्यामुळे सगळ्यांनी हात झटकले. त्यानंतर लाँड्रीतल्या आणखी पाच जणींना सुया टोचल्या.

ही हकीकत आरोग्य कामगारांच्या परिषदेच्या कानावर गेली आणि आत्याला दरवर्षी बोलावणं येऊ लागलं. परिषदवाल्यांवर मी आता तोंडसुख घेणार आहे, तर आधीच कबूल करते की त्यांच्यात मीही आहे. मी इतिवृत्त लिहिते आणि बिल्लेही मीच बनवते. आमची पद्धत अशी: पहिल्या दिवशी 'अनुभवकथन'. ज्यांना सोसावं लागलं त्यांनी प्रत्येकी सात मिनिटं बोलायचं. त्यांना पिवळा बिल्ला. मग त्यांना एकेक पिशवी द्यायची, त्यात वही आणि पेन, आणि संध्याकाळी पाचच्या बसने घरी पाठवायचं. दुसऱ्या दिवशी ठराव. तिथे फक्त हिरव्या बिल्ल्याचे प्रतिनिधी बोलणार, हात वर करणार. सगळी माणसं चांगली, तळमळीची. पण ज्याचं दुखतंय त्याला औषध ठरवायच्या आधी घरी पाठवायचं, यात काही चुकतंय असं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

गेल्या वर्षीच्या परिषदेत आत्याने चौथ्यांदा तेच सांगितलं. लोकांनी चौथ्यांदा डोळे पुसले. बसच्या आधी आवारात चहा घेताना तिने विचारलं, "उद्या काय असतं गं इथे?"

"ठराव."

"आमच्याबद्दल आहे काही?"

मी मसुदा काढून नववं कलम दाखवलं. 'लाँड्री कामगारांना सुया हाताळण्याचे प्रशिक्षण व हातमोजे देण्यात यावेत.' आत्याने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा बोट ठेवून.

"म्हणजे सुया येतच राहणार," ती म्हणाली, "आणि मी शिकून घ्यायचं."

हा मसुदा मी तीन वेळा टाइप केला होता. तिने कप ठेवला, मसुद्याची चौपदरी घडी घालून ब्लाउजमध्ये खोचली आणि म्हणाली, "बसवाल्याला सांग, एक सीट कमी. मी तुझ्याकडे राहते."

दुसऱ्या दिवशी नववं कलम वाचायला घेतलं आणि आत्या उठून माइककडे निघाली. ती आयुष्यात कुणाच्या मध्ये बोललेली नाही. माइकजवळच्या स्वयंसेवकाने तिला अडवलं. "मावशी, पिवळा बिल्ला आहे तुमचा. आज बोलता येणार नाही."

"मग काल कशाला बोलावलं?"

ती मुद्दाम मोठ्याने बोलली नाही, पण माइक सुरू होता. सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. अध्यक्ष आमच्या वकीलबाई, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. त्यांनी नियमांची पुस्तिका चाळली. बाहेरच्या व्यक्तीला बोलू द्यायचं तर सभागृहाची परवानगी लागते, म्हणाल्या. "बाहेरच्या" या शब्दावर त्या स्वतःच अडखळल्या. मतं घेतली. शहाऐंशीपैकी बहात्तर हात वर गेले. मी मोजले, आणि माझी मोजणी चुकली म्हणून पुन्हा मोजले.

मला वाटलं, आत्या आता सुईची गोष्ट सांगणार. तिने ती सांगितलीच नाही. ती सरळ मंचावर चढली, वकीलबाईंसमोरच्या टेबलावरचं कापड ओढलं, त्यांचा पेन उचलून त्यात टाकला, कापड गुंडाळलं, चारी टोकांची गाठ मारली आणि गाठोडं त्यांच्यापुढे ठेवलं.

"असं येतं आमच्याकडे. दिवसाला तीनशे. हात घाला."

वकीलबाईंनी गाठ सैल केली, हात पुढे नेला आणि मध्येच थांबवला.

"घाला की," आत्या म्हणाली. "पेनच आहे."

वकीलबाईंनी हात मागे घेतला आणि शांतपणे विचारलं, "तुमचं म्हणणं काय आहे?"

"मला हाताळायला शिकवू नका. गाठोड्यावर चिठ्ठी बांधा. कुठला वॉर्ड, कुणी बांधलं, त्याचं नाव. बास. नाव लिहायचं म्हटलं की माणूस गाठ मारायच्या आधी एकदा चादर झटकतो."

पुढच्या रांगेतली नर्सेसची प्रतिनिधी तडक उठली. "म्हणजे सगळा आळ आमच्यावर. एका सिस्टरला चाळीस पेशंट असतात, ठाऊक आहे का?"

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली. "चादरी मीच मोजते. चाळीस पेशंटना एक सिस्टर हे चुकीचंच आहे, त्याचा ठराव तुम्ही आणा, मी हात वर करीन. माझा हात मोजत नाहीत, तरी करीन. पण सिस्टर, आज चिठ्ठी नाही म्हणून तुमच्या घाईची शिक्षा माझ्या तळहाताला होते. चिठ्ठी लागली की साहेबाला विचारता येईल, एवढी घाई का होते तिथे."

ती सिस्टर अध्यक्षांकडे वळली. म्हणाली, "दुरुस्तीला माझं अनुमोदन."

मी इतिवृत्त लिहायचं विसरून आत्याकडे बघत बसले होते. माझीच आत्या, आणि मला ती इतकी वर्षं फक्त घड्या घालणारी वाटत होती. लाज वाटली, अभिमानही वाटला, आणि अभिमान जास्त होता. नववं कलम बदललं. एकही हात विरोधात गेला नाही. त्याच बैठकीत वकीलबाईंनी पुढच्या वर्षापासून सगळ्यांना एकाच रंगाचा बिल्ला, असा ठराव स्वतः मांडला.

हॉस्पिटलने चार महिने टाळाटाळ केली. मग लाँड्रीतल्या आणि वॉर्डातल्या बायका एकत्र ऑफिसात गेल्या, आत्या आणि ती सिस्टर पुढे, आणि साहेबाला तिथल्या तिथे सही करावी लागली. पहिली चिठ्ठीवाली गाठोडी खाली आली त्या दिवशी आत्याने एकेक नाव मोठ्याने वाचलं म्हणे, आणि लाँड्रीतल्या सगळ्याजणी ऐकत उभ्या राहिल्या.

गेल्या आठवड्यात परिषदेच्या नव्या सचिवाचा आत्याला फोन आला. मी तिच्या समोरच बसले होते. नवा माणूस, जुनी यादी. नेहमीसारखं अनुभवकथनाला या, सुईचं सांगा, लोकांच्या काळजाला भिडतं, असं म्हणाला.

"ठरावाला येईन," आत्या म्हणाली. "पण अनुभवकथनाला दुसरं कुणी बघा. सात महिन्यांत आमच्याकडे कुणाला सुई टोचलेली नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं दुःखच उरलं नाही."