बायक्काकडं दोन गाड्यांनी

त्या दिवशी परंदवडीत दारापुढं आमी तिघं व्हतो: मी, माझा ल्योक दत्ता आन सून सुरेखा. नव्या पांढऱ्या गाडीची पूजा चालली व्हती. दत्तानं इंजिन चालू केलं, चावी ताटात हळदीकुंकवापाशी ठिवली, चाकाखाली लिंबू घातलं. तेवढ्यात लोणावळ्याच्या दवाखान्यातनं भाच्याचा फोन आला.

"मावशे, आईचं काय खरं न्हाई. तुझंच नाव घेतीया."

बायक्का माझी थोरली भण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मी अन् दत्ता तसंच गाडीत बसलो. सुरेखा ताट घिऊन घरात गेली.

गाडी आतनं गारेगार. आवाज न्हाई, धक्का न्हाई. वडगाव कवा मागं पडलं कळलं न्हाई. मधनंच टुंग टुंग वाजायची. दत्ता म्हनला, "नवी हाय, वाजायचीच."

कामशेतला पेट्रोल भराया त्यानं बटण दाबून गाडी बंद केली. परत दाबलं. चालूच व्हईना. खिसं चाचपलं आन त्याचं तोंड उतरलं.

"आये, चावी ताटात ऱ्हायली."

"मग हितवर आलो कसं?"

"एकदा चालू झाली की पळती गं. बंद केली की चावी लागती."

मी बघतच ऱ्हायले. तिकडं भण जातीया, आन एवढी मोठी गाडी ताटातल्या चावीसाठी अडलीया!

शेजारी लाल, बुटकी गाडी उभी. वर छत न्हाई, दोनच जागा. आतला पांढऱ्या मिशीचा म्हातारा म्हनला, "मावशी, मी खंडाळ्याला चाललोय. बसा, सोडतो."

बसले ती जनू रस्त्यावरच. पायाला इंजिनाची धग, पदर तोंडावर, नाकात पेट्रोलचा वास.

"भाऊ, किती जुनी वं?"

"माझ्या वडलांची. माझ्याच वयाची."

"मधीच बंद पडली तर?"

"पडते ना. पण का पडली ते कळतं."

कार्ला फाट्यापुढं पडलीच. त्यानं झाकण उघडून निसटलेली तार बसवली. "आता धक्का मारावा लागेल. तुम्ही आत बसा."

"मला कुटं चालवता येतीया? बसा तुमीच."

लुगडं खोचलं आन ढकलली. उताराला लागल्यावर फाडफाड करत सुरू झाली.

त्यानं दवाखान्याच्या दारात सोडलं. बायक्का जागी व्हती. माझा हात नाकापाशी नेला. "पेट्रोलचा वास! गाडी चालवाया लागलीस व्हय गं?"

"ढकलाया."

ती हसली. तासाभरानं गेली. सुरेखानं चावी पोचवल्यावर दत्ता आला, तवा त्याच्या मावशीचं तोंड झाकलेलं व्हतं.

दुसऱ्या दिशी त्याच पांढऱ्या गाडीतनं परतलो. गाडी वाईट न्हाई, ल्योकाच्या कष्टाची हाय. पन ती पंपावर उभी ऱ्हायली आन ते खटारं पोचलं, हे अजून डोक्यात बसत न्हाई. त्या भाऊचं नाव इचाराया बी सुचलं न्हाई. कुनाला ती लाल गाडी दिसली तर त्याला येवढंच सांगा, भेट झाली.