लाडवाचं कुलूप

आमच्या लॅबमधले सर म्हणाले, "कुलूप तपासायचं तर चोर हवा." मी मनात म्हटलं, चोर तर घरचाच आहे.

बाबांना डायबेटिस. आई बेसनाचे लाडू तूरडाळीत लपवो की पांघरुणांच्या घडीत, बाबा शोधून काढणारच. रिटायर झाल्यापासून त्यांना तेवढाच उद्योग उरलाय. संशोधनाबद्दल मात्र त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "हे संपणार कधी?"

परीक्षकांना दुसऱ्या दिवशी दाखवायची माझ्या संशोधनाची कुलूपडबी मी चिंचपोकळीला घरी आणली आणि बाबांच्या देखत तिच्या खणात एक लाडू ठेवला. डबीच्या दोन बाजूंना दोन बटणं, वर काचेची बारीक खिडकी. आतल्या चिपवरचे ट्रान्झिस्टर जेमतेम काही अणूंच्या जाडीचे. खिडकीतून उजेड आला की ते एक नियम पाळतात, अंधारात दुसराच. चिप उघडून पाहिली तरी सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे नक्कल करणाऱ्याला काही कळत नाही. किल्ली मी ठरवली होती: अंधारात एक बटण, उजेड पडला की दोन्ही. हे कुणाच्या बापाला सुचणार नाही, अशी माझी खात्री होती.

बाबा जेवण झाल्यापासून गॅलरीत डबी घेऊन बसले. दाबून झालं, हलवून झालं, कानाला लावून झालं. मला मजा वाटत होती, पण भीतीही होती. ती उघडली असती तर उद्या परीक्षकांपुढे कोणत्या तोंडाने उभी राहणार होते?

तिन्हीसांज झाली तसे बाबा आत आले आणि काळोखातच एका बटणाशी खटपट करत राहिले. तेवढ्यात आईने दिवा लावला.

"अहो, हात जोडा."

बाबांनी डोळे मिटून हात जोडले. डबी हातातच होती. दोन्ही तळव्यांखाली दोन्ही बटणं दाबली गेली आणि खण अलगद आईच्या बाजूला सरकला.

मी गारच पडले. जन्मभर याच वेळी मीही असेच हात जोडत आले होते. माझी अजब किल्ली म्हणजे आमच्या घरचा रोजचा नमस्कार होता.

आईने शांतपणे लाडू उचलून तोंडात टाकला, बोटाने खण आत ढकलला आणि मला डोळ्यांनीच गप्प बसवलं. बाबांनी डोळे उघडले. डबी बंदच.

"हरलो गो बाय," ते म्हणाले. "जबरी काम केलंस." मला रडूच आलं. थोडं हसूही येत होतं, म्हणून मी तोंड फिरवलं.

त्याच संध्याकाळी मी किल्ली बदलली. परीक्षकांना डबी उघडता आली नाही.

बाबा अजून चाळभर सांगत असतात, "मला नाही उघडलं, तर परीक्षकांना काय उघडणार?" आई तेव्हा हातातली भाजी निवडत राहते. मीही तिला मदतीला बसते.