कोनाच्या पोटात?

यंत्रांची माहितीपुस्तकं तयार करणाऱ्या आमच्या मॅन्युअल सेक्शनमधल्या त्या क्लार्कला काहीही सुटं पडलेलं पाहवत नसे. प्लांटमध्ये नवा कॉम्प्युटर आला, त्यात विषयाखाली पोटविषय सरकवता येतात हे त्याला कळलं, आणि गडी वेडाच झाला! बोलतानासुद्धा हवेत बोटानं काहीतरी उजवीकडे सरकवायचा. डबा उघडला की मला विचारायचा, "हे लोनचं कोनाच्या पोटात टाकू, सांग ना गा? भाजीच्या का पोयीच्या?" सुपेल्याच्या बाजारात भाजीवालीची टोपली लावून देतानाही मी त्याला पाहिलंय.

क्रेनच्या मॅन्युअलमध्ये 'दुरुस्तीआधी मेन स्विच बंद करा' ही ओळ सातव्या प्रकरणात, पोटविषयाच्याही पोटात दडली होती. त्यानं ती उचलून थेट पहिल्या पानावर नेली. तिथला साहेबांचा शुभसंदेश आपसूक तिचा पोटविषय झाला.

साहेब लालबुंद. "माझा संदेश स्विचच्या खाली?"

"साहेब, वाचनारा जित्ता राहीन, तवाच तर तुमचा संदेश वाचीन ना?"

साहेबांनी सही केली. क्रेनवाल्यांनी ते पहिलं पान फाडून क्रेनच्या केबिनमध्ये चिकटवलं, आणि साहेबांचा संदेश आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी रोज वाचू लागलं.