अमावस्येचा स्लॅब

चौतीस वर्षं खाकी अंगावर होती. खून, दरोडे, घरफोड्या असं बरंच पाहिलं आणि आता त्यातलं निम्मं एकमेकांत मिसळून गेलं आहे. एका शाळेच्या पडलेल्या स्लॅबचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं लक्षात आहे. त्यात ना पिस्तूल होतं, ना फरारी आरोपी. होती एक विद्यार्थिनी आणि तिनं केलेली एक सही. नाव मी कुणाचंच लिहीत नाही. ज्यांचं त्यांना कळेल.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यात, मोताळ्याकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. उन्हाळ्यातली सकाळ होती. हजेरी नुकतीच संपली होती, तेवढ्यात फोन आला. जवळच्या गावात शाळेच्या नव्या वर्गखोलीचा स्लॅब कोसळला होता आणि एक मजूर बाई खाली अडकली होती. आम्ही पोचेपर्यंत गावकऱ्यांनी तिला बाहेर काढलं होतं. पाय मोडला होता, पण जीव वाचला होता. तिला बुलढाण्याला रवाना केलं आणि पंचनाम्याला लागलो. शाळेला सुट्टी होती म्हणून बरं, नाहीतर दीड महिन्यानं त्याच छताखाली पहिलीची पोरं बसणार होती.

कंत्राटदाराचा सुपरवायझर रजिस्टर घेऊनच समोर आला. अपघाताला तासही झाला नव्हता. माझा अनुभव असा, की ज्याच्या मनात काही नसतं तो माणूस अशा वेळी आधी पाणी मागतो, कागद त्याला मागाहून आठवतात. हे मला कळत होतं, तरी त्या दिवशी मी ते मनावर घेतलं नाही.

त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. स्लॅब चोवीस दिवसांचा, म्हणजे पक्का झालेला होता. खालचे टेकू काढायची वेळ झालीच होती. पण तो दुसऱ्या कामावर गेला असताना कॉलेजातून शिकायला आलेल्या मुलीनं मजुरांना मधले टेकू आधी काढायला लावले आणि घात झाला.

"शिकाऊ पोट्टी हाय साहेब, इंजिनिअरकी दाखवाले गेली," तो म्हणाला. "अन् हे पाहा, स्लॅब टाकल्याच्या तारखेवर तिचीच सही हाय."

सही होती. माझ्या मदतनीस हवालदारानं रजिस्टर पाहून अहवालात लिहिलं, 'स्लॅब चोवीस दिवसांपूर्वी टाकलेला.' अहवाल माझ्यापुढे आला आणि मी खाली सही ठोकली. हे लक्षात असू द्या, कारण या सहीपायी पुढे माझीच मान खाली जाणार आहे.

अभियांत्रिकीच्या मुलांना उन्हाळ्यात सहा आठवडे प्रत्यक्ष कामावर जाऊन शिकावं लागतं. बहुतेक जण ओळखीच्या कंत्राटदाराकडून प्रमाणपत्र आणतात आणि सुट्टी मामाच्या गावी आंबे खाण्यात घालवतात. ही मुलगी बीबी गावाकडची, आणि तीही मामाकडेच राहायला आली होती. फरक एवढाच, की रोज सकाळी आठला ती डोक्याला रुमाल गुंडाळून कामावर हजर असे. तिचे वडील शाळेत कारकून. घराण्यात इंजिनिअरिंगला गेलेली ती पहिलीच.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. महिला शिपाई सोबत घेऊन मी तिच्या मामाच्या घरी गेलो. वडील बातमी कळताच मिळेल त्या गाडीनं निघून आले होते. ते मला दारातच भेटले.

"साहेब, दोषारोपपत्रात एकदा नाव लागलं की तिचं शिक्षण संपलं," ते म्हणाले. "कोण देईल तिला काम? बाई पडली त्याचं दुःख आहेच आम्हाला. पण माझी लेक असं करणार नाही."

असं प्रत्येकच बाप म्हणतो. मी आत गेलो. ती ताठ बसली होती. डोळे सुजलेले होते, पण आवाज स्थिर होता.

"मी टेकू काढायला सांगितले नाहीत सर. उलट नको म्हणत होते. स्लॅब टाकून आठच दिवस झाले होते."

"मग रजिस्टरवर सही कुणाची?"

"माझीच."

"तारीख चोवीस दिवसांपूर्वीची आहे."

तिनं वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "अपघाताच्या दिवशी सकाळीच सुपरवायझरनी तीन पानांवर सह्या घेतल्या. कॉलेजला हजेरी पाठवायची आहे म्हणाले. मी वाचलं नाही सर. प्रमाणपत्र त्यांच्याच हातात होतं."

"आणि तुझी रोजनिशी? कॉलेज लिहायला लावतं ना?"

"सही करून देतो म्हणून त्यांनीच ठेवून घेतली. आता म्हणतात, दिलीच नव्हती."

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. "शिकलेली ना तू? न वाचता सही करतेस? उद्या पुलाच्या कागदावर अशीच करशील?" तिनं मान खाली घातली. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ठाण्यात परतलो तेव्हा मन दोन्हीकडे ओढत होतं. मुलगी खोटं बोलत नाही असं वाटत होतं, पण न्यायालय असल्या वाटण्यावर चालत नाही. कागद सगळा तिच्या विरोधात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात एक फोन आला. त्या गावातल्या चहावाल्याचा. नाव सांगायला तयार नव्हता, पण गावात चहाचं हॉटेल एकच.

"साहेब, स्लॅबचं जेवन होऊन आठ-धा दिस झाले असतीन फक्त. माह्यं मोठं पातेलं नेलं होतं त्याईनं. अजून वापस नाई दिलं."

आपल्याकडे स्लॅब टाकून झाला की त्या संध्याकाळी मजुरांच्या टोळीला जेवण असतं. ते चुकवणारा मालक बदनाम होतो. मी सुपरवायझरला बोलावून विचारलं. त्यानं पापणीही हलवली नाही. म्हणाला, ते जेवण वेगळं होतं, मजुरांपैकी एकाच्या पोराचं जावळ होतं. मजुरांना विचारलं तर सगळे जमिनीकडे बघत 'आमाले तारखा याद नाई राहत साहेब' म्हणू लागले. त्यांचं पुढचं काम त्याच कंत्राटदाराकडे होतं. गरीब माणूस साक्ष द्यायला कचरतो तो खोटेपणामुळे नव्हे, हे पोलिसाला कळलं पाहिजे. स्लॅबच्या टोळीचा मुकादम तेवढा स्पष्ट बोलला, तोही उलट्या बाजूनं. 'रजिस्टरात हाय तीच तारीख,' असा जबाब देऊन तो धामणगाव बढ्याला निघून गेला.

मी खुर्चीत बसून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर अपघाताच्या तारखेपासून चोवीस दिवस मागे मोजू लागलो. बोट जिथे थांबलं तिथे लाल गोल होता. माझ्याच हाताचा. अंधाऱ्या रात्री चोऱ्या वाढतात म्हणून दर महिन्याची अमावस्या मी लाल शाईनं गोल करून ठेवत असे, गस्त वाढवण्यासाठी.

मी स्वतः अमावस्या-पौर्णिमा मानत नाही. पण मानणारी माणसं मनापासून मानतात, हे मी मानतो. आमच्या भागातला जुना मिस्त्री अमावस्येला पायाची कुदळ मारत नाही, मग स्लॅब कुठून टाकणार? ज्या तारखेखाली मीही सही केली होती, ती तारीख तीन दिवस माझ्या डोळ्यांसमोर टांगलेली होती. हवालदाराला मी काही बोललो नाही. बोलायला तोंडच नव्हतं.

तडक धामणगाव बढे गाठलं. मुकादम अंगणात मिक्सरला ग्रीस लावत होता. साठीचा माणूस, हात सिमेंटनं चिरलेले. मी खाटेवर बसलो, पाणी प्यालो आणि त्याचा जबाब त्याला वाचून दाखवला. त्यानं मान हलवली.

"बराबर हाय साहेब."

"मुकादम, किती वर्षं स्लॅब टाकता?"

"चाळीस झाले असतीन. माह्या बापाचीबी टोळीच होती."

"बाप अमावस्येले स्लॅब टाके काय?"

तो हसला. "काय बोलता साहेब! अमावस्येले आमी मशीन चालू करत नाई. पूजा करतो अन् सुट्टी."

"मंग ह्या जबाबात तुम्ही तं अमावस्येले स्लॅब टाकला म्हणून राह्यले."

त्याच्या हातातला ग्रीसचा डबा तसाच राहिला. त्यानं आत आवाज देऊन नातवाकरवी कॅलेंडर मागवलं, तारीख दोनदा दाखवून घेतली. मग तो जो भडकला, ते पाहण्यासारखं होतं. मजूर बाईचा पाय, शाळा, मुलगी, हे सगळं तोवर त्यानं मनाच्या कोपऱ्यात ढकललं होतं. पण आपल्या टोळीनं अमावस्येला स्लॅब टाकला असं सरकारी कागदावर लिहिलं जावं, हे त्याला सहन होईना.

"मले तारीख सांगतली, मी हो म्हटलं. अमावस्या हाय हे नाई सांगतलं त्या बहाद्दरानं! साहेब, लिहा. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी टाकला म्या तो स्लॅब. सगळी टोळी साक्षीले आणतो. चाळीस वर्षांचं नाव हाय माह्यं!"

"आणि टेकू कोणी काढायला लावले?"

त्यानं डबा खाली ठेवला. मग सावकाश म्हणाला, "त्यानंच. त्याले टेकू अन् सेंट्रिंगच्या प्लेटा हिवरा आश्रमाकडच्या कामावर न्यायच्या होत्या. ती पोरगी आडवी झाली होती साहेब. म्हणे, आठ दिवसांत नाई काढायचे, अन् पाणीबी नीट मारलं नाई. मजुराईनं सांगतलं मले. मी गप बसलो. चुकलं माह्यं."

पुढचं सोपं होतं. सुपरवायझरला पुन्हा समोर बसवलं. त्याच्यावर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. फक्त भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि मुकादमाला शेजारच्या खुर्चीत बसवलं. सुपरवायझर शहरातला माणूस, तिथी बघायची सवय नाही. त्यानं लाल गोलाकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं, आणि त्याला घाम फुटला.

"मी तं फक्त दिवस मागं मोजले साहेब," एवढंच त्याच्या तोंडून आलं.

तासाभरात सगळं बाहेर पडलं. मुलीची रोजनिशी त्याच्या मोटारसायकलच्या डिकीत कापडात गुंडाळलेली सापडली. पंचांसमक्ष जप्त केली. त्या रात्री घरी जाण्याआधी मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. अमावस्येच्या पानावर होतं, 'आज काम बंद. मुकादममामांना कारण विचारलं. म्हणाले, कारण नसतं, रिवाज असतो.' अपघाताच्या तीन दिवस आधीच्या पानावर होतं, 'टँकर आजही आला नाही. स्लॅब कोरडा आहे. सांगितलं. हसले.' सुवाच्य, सरळ अक्षर. एका वाक्यातही स्वतःची बढाई नव्हती.

सुपरवायझर आणि कंत्राटदार यांच्यावर दोषारोपपत्र गेलं. मुलीचं नाव त्यात आलं ते साक्षीदार म्हणून. मी वरिष्ठांना वेगळा अहवाल पाठवून आधीच्या अहवालातली तारीख माझ्या निष्काळजीपणामुळे चुकीची गेली असं लिहिलं. त्यावर मला समज मिळाली. ती मिळायलाच हवी होती.

तिच्या वडिलांना वाटलं, आता पोर घरी येईल. कॉलेजनंही तिला शहरातल्या एका कचेरीत, नकाशांच्या कामावर बदलून देतो म्हटलं. ती नको म्हणाली. पडलेला भाग उतरवून दुसऱ्या कंत्राटदाराकडे काम दिलं गेलं, स्लॅबला तीच टोळी आली, आणि मुलगी पुन्हा सकाळी आठला रुमाल गुंडाळून हजर झाली. तिचे सहा आठवडे केव्हाच संपले होते. तरी नवा स्लॅब टाकल्यापासून एकवीस दिवस ती रोज पाणी मारून घेत राहिली, रजिस्टरवर नोंदी करत राहिली.

एकविसाव्या दिवशी मुकादमाचा निरोप आला. मी बंदोबस्ताच्या निमित्तानं गेलो. बंदोबस्ताची काही गरज नव्हती, मला पाहायचं होतं. पाय प्लास्टरमध्ये असलेली ती मजूर बाई कडुलिंबाखाली खाट टाकून बसली होती. चहावाला आला होता, पातेलं परत मिळाल्याचं सगळ्यांना सांगत होता. नारळ फोडायचा मान मुकादमानं मुलीला दिला. मग पहिला टेकू काढायची वेळ आली तसे सगळे मागे सरले. ती मात्र आत गेली आणि वर्गाच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली.

मी ओरडलो, "अगं बाई, बाहेर ये! आत काऊन उभी राहिलीस?"

"या वेळी वाचून सही केली आहे साहेब," ती म्हणाली. तिचा आवाज जरासा कापला, पण ती हलली नाही.

टेकू निघाला. मग दुसरा. मग सगळे. वरून धूळसुद्धा पडली नाही. टोळीतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या आणि मुकादम तोंड फिरवून डोळे पुसू लागला. माझं काय झालं ते विचारू नका. नोकरीत मला पदक मिळालं आहे, ते लावतानाही छाती इतकी भरून आली नव्हती.

लोक विचारतात, या नोकरीनं काय शिकवलं. मी सांगतो, गुन्हेगार ओळखायला अनुभव शिकवतो, पण स्वतःची चूक ओळखायला मला एका शिकाऊ मुलीनं शिकवलं. तिच्या हातून न वाचता एकच सही झाली, आणि ती पुसायला ती छताखाली उभी राहिली. माझ्या किती झाल्या असतील, देव जाणे.

त्या दिवशी ठाण्यात परतलो तेव्हा हवालदारानं सवयीप्रमाणे कागदांचा गठ्ठा पुढे केला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. मी त्याचं बोट बाजूला केलं, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.