अर्डिथ म्हणाली पंच्याऐंशी

अर्डिथ प्रुइटला केक जमत नाही, हे आधीच सांगून टाकते. तिचा लिंबाचा केक दुसऱ्यांदा मागून घेणारा माणूस लेक टॅनरमध्ये अजून जन्माला यायचाय. गाडी चालवते तीही अशी, की बदकं रस्ता ओलांडून तळ्यात पोहोचतात तरी ही आपली ब्रेकवर पाय ठेवून बसलेली. पण कपडे! कपड्यांच्या बाबतीत मी या बाईपुढे हात जोडते.

फेब्रुवारीच्या मध्याला हेरन्स नावाचा बेसबॉल संघ उत्तरेतली थंडी टाकून आमच्याकडे फ्लोरिडात सरावाला उतरतो आणि मार्च संपला की जातो. त्या सहा आठवड्यांत त्यांचे कपडे धुवायचे अर्डिथनं आणि घड्या घालायच्या मी. तिला एकतीस वर्षं झाली, मला एकोणीस. आमच्या मैदानाची लाल माती पांढऱ्या पँटीत अशी मुरते, की नुसत्या मशीनला दाद देत नाही. आधी हातानं साबणाची वडी चोळायची, मग ब्रश, मग पुन्हा वडी. प्रत्येक पँट अर्डिथच्या हाताखालून जाते.

मार्चच्या शेवटी रॉस्कोच्या हॉटेलात गल्ल्यामागच्या भिंतीवर एक कागद लागतो. यंदाच्या मोसमात आपला संघ किती मॅच जिंकणार, तो आकडा ज्यानं त्यानं आपल्या नावापुढे लिहायचा. पोस्टमन लिहितो, दाताचे डॉक्टर लिहितात, पाद्रीसुद्धा लिहितात. ज्याचा आकडा सगळ्यात जास्त चुकेल, त्याला वर्षभर चिडवायचं, एवढंच. अर्डिथनं मात्र कधी लिहिला नव्हता. "मी डाग काढते बाई, भविष्य नाही," म्हणायची.

त्या वर्षी तिची मुलगी शेरिल ओहायोहून आली होती. जानेवारीत मशीनं तपासायला गेलेली अर्डिथ मैदानावरच्या कपडे धुवायच्या खोलीत ओल्या फरशीवरून घसरली होती आणि तिचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं तशी बाईसाहेब ब्रश घेऊन पुन्हा हजर! शेरिल मात्र आईला कायमची घेऊन जायचं ठरवूनच आली होती.

"आई, खोली तयार आहे. जिना चढायचा नाही, बाथरूम शेजारीच. आता मी काही ऐकणार नाही," रॉस्कोकडे नाश्ता करताना शेरिल म्हणाली.

"बर्फ असतो ना तिकडे?"

"बर्फ अंगणात असतो, आई. खोलीत नसतो!"

"मग मी दिवसभर खोलीतच बसायचं? तू मला घरी न्यायला आलीस, की कपाटात ठेवायला?"

"ने गं, ने हिला," रॉस्को कॉफी ओतत म्हणाला. "फक्त तो केक सोबत ने."

सगळे हसले. अर्डिथ हसली नाही. उठून कागदापाशी गेली आणि दोरीला बांधलेलं पेन घेऊन तिनं आकडा लिहिला. पंच्याऐंशी.

आता हे ऐका. हेरन्स सलग तीन वर्षं तळाला होते. पेपरवाले आणि कॉम्प्युटरवर हिशेब मांडणारे हुशार लोक बासष्ट म्हणत होते. रॉस्कोचे होते एकोणसाठ. मी दयेपोटी चौसष्ट लिहिले होते. आणि ही म्हणते पंच्याऐंशी, म्हणजे अर्ध्याहून जास्त मॅच जिंकायच्या!

"अर्डिथ, जिंकलेल्या लिहायच्यात," पोस्टमन ओरडला, "हरलेल्या नाही!"

"वाचता येतं मला. शेरिल, यात एक जरी कमी पडली, तरी घर विकून तुझ्याकडे येते. पंच्याऐंशी भरल्या, तर तो खोलीचा विषय पुन्हा काढायचा नाही."

शेरिलनं कागदावरचे बाकीचे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले आणि लगेच हात पुढे केला. मला तर तिचा रागच आला.

बाहेर आल्यावर मी अर्डिथला धरलं. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? राहतं घर पणाला लावलंस!"

ती मला कपड्यांच्या खोलीत घेऊन गेली आणि न धुतलेली एक पँट उजेडात धरली. "ही कुणाची?"

चोवीस नंबर. चौतीस वर्षांचा, संघातला सगळ्यात मोठा खेळाडू.

"चार वर्षं याची पँट जवळजवळ कोरी यायची. आता बघ. दोन्ही कुशी लाल. सरावाच्या मॅचमध्ये मातीत अंग टाकतं कोण? ज्याला हाकलून देतील अशी भीती असते तो. याला कोण हाकलणार? तरी टाकतोय." मग शर्टांचा ढीग. "गेल्या वर्षी तिघांच्या छातीवर माती होती. यंदा चौदा जणांच्या आहे." मग शेवटची पँट, सहासष्ट वर्षांच्या कोचची. तिचे गुडघे झिजून जाळीसारखे झाले होते. "हा म्हातारा रोज सकाळी त्या नव्या खेळाडूसमोर गुडघ्यांवर बसून त्याला चेंडू घरंगळत देतोय. असे गुडघे मी आजवर दोनदा पाहिले. एका वर्षी नव्वद जिंकले, दुसऱ्या वर्षी सत्त्याऐंशी."

"मग यंदा पंच्याऐंशीच का?"

"बॉल टाकणाऱ्यांचे टॉवेल बघ. घामानं नीट भिजलेले दोनच आहेत."

 एकोणीस वर्षं मी त्याच पँटींच्या घड्या घातल्या होत्या, आणि मला दिसल्या होत्या फक्त पँटी.

एप्रिलमध्ये पहिल्या बारापैकी नऊ हरले. शेरिलचा रविवारी फोन, आवाज साखरेसारखा. "आई, पडदे पिवळे घेऊ की निळे?" जुलैत सलग अकरा जिंकले, तेव्हा पडदे मागे पडले. सप्टेंबरात तर फोन मॅच चालू असतानाच यायला लागला. "त्याला आता बसवा म्हणावं! हात दमलाय त्याचा!"

"कुणाचा गं?"

"बॉल टाकणाऱ्याचा! कुणाचा काय!"

अर्डिथनं फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "पोरगी गेली कामातून."

शेवटच्या रविवारी विजय झाले होते चौऱ्याऐंशी आणि मॅच उरली होती एक. शेरिल विमानानं आली. अख्खं गाव दुपारी रॉस्कोच्या टीव्हीसमोर. एका रननं मागे होतो, शेवटची संधी, चोवीस नंबरनं असा टोला हाणला की पाद्री खुर्चीवर चढले. आणि कुंपणाला पाठ लावून समोरच्यानं तो झेलला.

संपलं, हरलो. अर्डिथनं पर्स उचलली. "चल शेरिल. शब्द दिलाय मी." तिचा आवाज हलला नाही. 

शेरिल जागची हलली नाही. टीव्हीवरच्या आकड्यांकडे बघत पुटपुटली, "चौऱ्याऐंशी आणि सत्त्याहत्तर. एकशे एकसष्ट." मग मोठ्यानं, "वर्षाला एकशे बासष्ट मॅच असतात ना?"

रॉस्कोनं डोकं खाजवलं. "ऑगस्टमधली एक पावसात वाहून गेली. तिनं कुणाचा नंबर वरखाली होत नाही, म्हणून आता ती खेळवणारच नाहीत."

"मग आई हरली कुठे? एक बाकी आहे."

"शेरिल," अर्डिथ म्हणाली, "तू माझ्यावर दया करू नकोस."

"दया कसली? ती मॅच झाली आणि हरलात, तर त्याच दिवशी न्यायला येते."

"आणि झालीच नाही तर?"

"तर बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घ्यायची. आणि ती ओली फरशी बदलायला लावायची. यावर मात्र वाद नको." नाक पुसत तिनं आईकडे बघितलं, अनोळखी बाई बघावी तशी. "सगळी दुनिया बासष्ट म्हणत होती. तुला कसं कळलं गं?"

"मार्चमध्ये ये. दाखवते."

त्याला आता दोन वर्षं झाली. ती मॅच अजून झालेली नाही. शेरिल दर मार्चला आठवडाभर येते आणि बादलीपाशी स्टूल टाकून बसते. गेल्या खेपेला तिनं एकेक पँट उजेडात धरून बघितली, कपाळाला आठ्या घालून विचार केला आणि म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर?"

अर्डिथचा ब्रश थांबला नाही. "एक्याऐंशी," ती म्हणाली. "खिशांच्या खालची माती बघितलीच नाहीस तू."